ड्रोनच्या कॅमेऱ्यावर लेन्स हूड : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जमिनीवर उभे राहून छायाचित्र काढणाऱ्याच्या लेन्सवर उन्हाची तिरीप पडू लागली, की तो डावा हात किंचित वर उचलून लेन्सवर सावली धरतो आणि काम पुढे चालू ठेवतो. शंभर मीटर उंचीवर तरंगणाऱ्या कॅमेऱ्याला ही सोय नाही. तिथे ड्रोन वळवायचा, कॅमेरा खाली झुकवायचा, नाहीतर पांढुरक्या चित्रणावर समाधान मानायचे, एवढेच हातात उरते. या कारणाने गेले आठ महिने मी माझ्या घडीच्या ड्रोनवर लेन्स हूड लावून पाहत आहे. हूड म्हणजे लेन्सच्या वर आणि दोन्ही अंगांना पुढे आलेला काळ्या प्लॅस्टिकचा छोटासा छज्जा. माझ्याकडच्या हूडचे वजन दोन ग्रॅमच्या आसपास भरते आणि तो कॅमेऱ्याच्या चौकटीवर चिमट्यासारखा घट्ट बसतो. मी तो चकाकी कमी व्हावी म्हणून घेतला होता. त्या कामात तो बेताचाच निघाला, मात्र पंख्यांच्या पात्यांच्या सावल्या रोखण्याचे जे काम मी घेताना विचारातही घेतले नव्हते, त्यात त्याने आपली किंमत वसूल करून दिली.

आधी चकाकीविषयी. तिची दोन रूपे असतात. एक म्हणजे चित्रात उमटणारे गोल किंवा बहुकोनी रंगीत ठिपके, जे लेन्समधल्या भिंगांच्या पृष्ठभागांवर प्रकाश पुढेमागे परावर्तित झाल्याने दिसतात. दुसरे रूप अधिक घातक, कारण ते चटकन लक्षात येत नाही: संपूर्ण चित्रावर एक दुधी पदर पसरतो, काळा रंग करडा होतो आणि सावलीतला तपशील विरून जातो. काचेचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. १९३५ साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधक लेप शोधून काढल्यापासून हे प्रमाण पुष्कळ घटले आहे, पण शून्यावर आलेले नाही. मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्सबरोबर हूड बहुधा सोबतच मिळतो. ड्रोनच्या इवल्याशा लेन्सचा पुढचा काचेचा भाग मात्र जवळपास उघडाच असतो आणि वर त्याच्यापुढे एक सपाट संरक्षक काचही बसवलेली असते, म्हणजे परावर्तनाला आणखी दोन पृष्ठभाग मिळतात.

हूड नेमका कोणत्या उन्हात कामाला येतो हे समजायला मला दोन महिने लागले. ते आधी कागदावर मांडले असते, तर दोन दिवसांत समजले असते. माझ्या ड्रोनची लेन्स ३५ मिमी कॅमेऱ्याच्या हिशेबात २४ मिमीची, म्हणजे बरेच रुंद दृश्य टिपणारी आहे आणि तिचा कर्णाच्या दिशेने मोजलेला दृश्यकोन ८४ अंश आहे; सध्याच्या बऱ्याच ड्रोनांत हीच मापे आढळतात. १६:९ (रुंदी : उंची) चौकटीत चित्रीकरण करताना या लेन्सला उभ्या दिशेने सुमारे ४६ अंश दिसतात, म्हणजे कॅमेरा क्षितिजाला समांतर असेल तर वरच्या बाजूला २३ अंश. आता सूर्य समोर आहे आणि क्षितिजापासून २३ अंशांहून कमी उंचीवर आहे असे समजा. तो थेट चौकटीतच आहे, आणि जे चौकटीत दिसते त्याला हूड अडवू शकत नाही. अडवले तर हूडच चित्रात दिसेल. सूर्योदयाची किंवा सूर्यास्ताची समोरासमोरची दृश्ये घ्यायची असतील तर हूड पेटीतच राहू द्यावा, हे मी माझ्या पहिल्या सहा-सात फुकट गेलेल्या उड्डाणांवरून सांगतो.

सूर्य २३ अंशांच्या वर सरकला की तो चौकटीबाहेर जातो, पण त्याचे किरण लेन्सच्या काचेवर पडतच राहतात. हूडचे खरे क्षेत्र ते हेच. माझ्या लेन्सचा दर्शनी काचेचा व्यास साधारण ८ मिमी आहे आणि छज्जा १२ मिमी पुढे येतो. छज्जा चित्रात शिरू नये इतका उंच ठेवला, तर साध्या त्रिकोणमितीने असे निघते की सूर्य सुमारे ४७ अंशांच्या वर गेल्यावरच संपूर्ण काच सावलीत येते. २३ ते ४७ अंशांच्या दरम्यान ती अंशतः झाकली जाते, म्हणजे सूर्य जितका वर तितकी सावली अधिक. कॅमेरा खाली १५ अंश झुकवला तर हे सगळे आकडे १५ अंशांनी खाली येतात आणि सूर्य ३२ अंशांवर असतानाच पूर्ण सावली मिळते. त्यामुळे हूड आणि कॅमेऱ्याचा थोडासा झुकाव ही जोडी मला सर्वांत फलदायी वाटली. शेते, नदीपात्र, किनारपट्टी अशी दृश्ये क्षितिजाच्या थोडे खाली पाहूनच घेतली जातात, तेव्हा त्यांत हा झुकाव आपोआपच येतो.

बाजूने येणाऱ्या उन्हाबाबत मात्र अपेक्षा कमी ठेवाव्यात. आडव्या दिशेने दृश्यकोन जवळजवळ ७४ अंशांचा असल्याने बाजूच्या भिंती बाहेर पसरवाव्या लागतात, आणि इतके करूनही सूर्य ५५ अंश बाजूला गेल्याशिवाय काच पुरती झाकली जात नाही. तेवढ्यासाठी हूडच्या भिंती रुंद करण्यापेक्षा ड्रोन दहा-पंधरा अंश वळवणे सोपे पडते.

आता ज्या कामासाठी मी हा हूड ठेवून घेतला त्याकडे येतो. घडीच्या ड्रोनमध्ये कॅमेरा नाकाशी असतो आणि पुढचे दोन पंखे त्याच्या थोडे वर व पुढे फिरत असतात. समोरचे ऊन या फिरत्या पात्यांमधून गाळून लेन्सवर येते. ऊन आणि सावली यांची ही आलटूनपालटून होणारी उघडझाप डोळ्यांना कळत नाही, पण सेन्सरला कळते, कारण या कॅमेऱ्यांतला सेन्सर संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपत नाही. तो वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. एक ओळ वाचली जात असताना काचेवर ऊन असते आणि थोड्या खालची ओळ वाचली जात असताना पात्याची सावली आलेली असते. परिणामी चित्रावर आडवे फिकट आणि गडद पट्टे उमटतात आणि ते प्रत्येक फ्रेमगणिक वर-खाली सरकत राहतात. पंख्याला दोन पाती आहेत आणि तो मिनिटाला ६,००० फेरे घेतो असे धरले, तर सेकंदाला २०० वेळा सावली पडते. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, १/१००० सेकंद ठेवले असेल तर प्रत्येक सावलीचा पट्टा वेगळा दिसतो. १/६० वर आणले तर एका उघडझापेत तीनांहून अधिक सावल्या मिसळून जातात आणि पट्टे जवळजवळ पुसले जातात.

दुधी पदर संगणकावर बराचसा दुरुस्त करता येतो. काळा रंग पुन्हा खाली ओढला, थोडी धुरकट छटा काढली, की चित्र चालण्याजोगे होते. पट्ट्यांना मात्र असा उपाय नाही, कारण ते दर फ्रेमला जागा बदलतात आणि त्यांची तीव्रताही सारखी नसते. मी एका लांबलचक चित्रणावर दोन संध्याकाळ घालवून शेवटी ते टाकून दिले. हूड लावल्यावर काच सावलीत राहते, काचेवर ऊनच नसल्याने पात्यांची सावलीही पडत नाही, आणि पट्टे उगमापाशीच थांबतात. सूर्य ४० ते ६० अंशांवर असताना त्याच जागी, त्याच दिशेला, एक्स्पोजर (सेन्सरला मिळणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) बांधून ठेवून मी हूडसह आणि हूडशिवाय पाठोपाठ उड्डाणे केली. चकाकीतला फरक पाहण्यासाठी हिस्टोग्रामची, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराच्या आलेखाची, डावी (गडद) कड तपासावी लागली, पट्ट्यांमधला फरक मात्र नियंत्रकाच्या छोट्या पडद्यावरही दिसत होता. ड्रोन वेगाने पुढे जात असताना नाक खाली झुकते आणि पुढचे पंखे दृश्याच्या आणखी जवळ येतात, त्या वेळी हा फरक सर्वाधिक जाणवतो.

येथे एनडी फिल्टरचा, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणाऱ्या काचेचा, उल्लेख करायलाच हवा, कारण पट्ट्यांवरचा तो दुसरा उपाय आहे. सेकंदाला २४ फ्रेमचे चित्रण करताना शटर १/५० वर ठेवण्याचा संकेत आहे, आणि भर उन्हात तिथपर्यंत यायला एनडी १६ किंवा एनडी ३२ लागतो, म्हणजे प्रकाश चार किंवा पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करावा लागतो. शटर मंदावले की पट्टे विरघळतात, पण फिल्टर ही लेन्ससमोरची आणखी एक सपाट काच असल्याने चकाकी आणि रंगीत ठिपके वाढतात. एनडीने पट्टे गेले आणि दुधी पदर आला, असे माझ्याकडे अनेकदा झाले. दोन्ही एकत्र वापरणे उत्तम, फक्त हूड घेताना तो फिल्टरवर बसतो की फिल्टरच्या जागी बसतो हे पाहून घ्यावे. माझा पहिला हूड फिल्टरच्या जागी बसणारा निघाला आणि महिनाभरात अडगळीत गेला. ध्रुवण फिल्टरने चकाकी जाईल अशी समजूत कुणाची असेल तर तीही सोडावी. तो पाण्यावरचे आणि पानांवरचे परावर्तन कमी करतो, लेन्समध्ये घुसलेल्या उन्हाचे त्याला काही करता येत नाही.

तोट्यांची बाजू गिंबलपासून, म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या मोटारीच्या फिरत्या आधारापासून, सुरू होते. गिंबलच्या मोटारी कॅमेऱ्याच्या ठरावीक वजनाला तोलून धरण्यासाठी बनवलेल्या असतात. दोन ग्रॅम ऐकायला काहीच नाहीत, पण ते अक्षापासून पुढे लटकतात आणि मोटारीला सगळा वेळ ते उचलून धरावे लागतात. शांत हवेत माझ्या गिंबलने तक्रार केली नाही. जोराच्या वाऱ्यात मात्र दोनदा पडद्यावर गिंबलच्या मोटारीवर जास्त भार आल्याची सूचना आली, आणि एकदा क्षितिज अर्धा-एक अंश कलले ते उतरेपर्यंत सरळ झाले नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि छज्जा म्हणजे शेवटी एक छोटे शीडच. हूड असताना मी वेगवान मोड वापरत नाही, त्याला आणखी एक कारण आहे. ड्रोनचे नाक खाली गेले की क्षितिज सरळ ठेवण्यासाठी गिंबल कॅमेऱ्याला ड्रोनच्या अंगाच्या तुलनेत वर उचलतो, आणि त्या स्थितीत छज्जाची कड नाकाच्या खालच्या बाजूला टेकते. चित्रणात बारीक थरथर दिसू लागली, तिचा उगम शोधण्यात माझा एक आठवडा गेला.

हूड चढवताना ड्रोन बंद ठेवावा आणि कॅमेरा दोन बोटांनी मागून धरून मगच चिमटा दाबावा. कॅमेरा न धरता नुसता जोर दिला तर तो सगळा ताण गिंबलच्या रबरी आधारांवर आणि पातळ रिबन केबलवर जातो. हूड चढवल्यानंतर ड्रोन सुरू करावा, म्हणजे सुरुवातीच्या तपासणीत गिंबल हूडसह पूर्ण फिरतो आणि कुठे अडत असेल तर ते जमिनीवरच कळते. लहान ड्रोनचा कॅमेरा जमिनीपासून जेमतेम दोन-तीन बोटे वर असतो, त्यामुळे गवतात उतरू नये; माझा हूड एकदा गवताच्या काडीत अडकून निघाला आणि सुदैवाने पाय पडण्याआधी सापडला. तेव्हापासून लँडिंग पॅडशिवाय मी उड्डाण करत नाही.

२५० ग्रॅमच्या आत बसवलेले ड्रोन वापरणाऱ्यांनी वजनकाट्याकडेही पाहावे. अनेक देशांच्या नियमांत ही सीमारेषा आहे, आणि २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर दोन ग्रॅम चढवले की ती ओलांडली जाते.

हूडची आतली बाजू खडबडीत आणि मंद काळी असायला हवी. माझ्या हूडची ती सहा महिन्यांत बोटांच्या तेलकटपणाने चकचकीत झाली आणि सकाळच्या कलत्या उन्हात तीच प्रकाश आत फेकू लागली. साबणाच्या पाण्याने धुतल्यावर ती पुष्कळशी पूर्ववत झाली. हीच गोष्ट काचेची. लेन्सवरचा एक बोटाचा ठसा जितका दुधी पदर निर्माण करतो, तितका उघड्या स्वच्छ लेन्सवरचे ऊनही करत नाही, आणि हूड चढवता-उतरवताना हा ठसा उमटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

शेवटचा मुद्दा स्थिरछायाचित्रांचा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ४:३ प्रमाणाचा आहे. १६:९ चित्रीकरणात वर २३ अंश दिसत असले तरी पूर्ण छायाचित्रात २८ अंशांहून थोडे अधिक दिसतात, आणि हूड बनवणाऱ्याने बहुधा चित्रीकरणच डोळ्यांसमोर ठेवले असावे. त्यामुळे प्रत्येक छायाचित्राच्या वरच्या कडेला एक अस्पष्ट काळी किनार येत होती. विक्रीच्या वर्णनात याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. मी १२ मिमीच्या सरळ छज्जातून सुमारे २.६ मिमी पॉलिश कागदाने घासून काढले आणि किनार नाहीशी झाली. पूर्ण सावलीसाठी सूर्याला आता ४७ ऐवजी ५४ अंशांपर्यंत चढावे लागते. ते सात अंश चढायला त्याला किमान जवळपास अर्धा तास लागतो, आणि सकाळच्या कामात तेवढा वेळ मी आता कॅमेरा खाली झुकवून घ्यायच्या दृश्यांना देतो.