हसायचं की मान ठेवायचा? घरात करणी-नवसाचा विषय निघाला की काय परवडतं

भाचा पुण्याला नोकरीला लागला त्याला वर्ष झालं, यंदा पोळ्याला नवीन गाडी घेऊन गावी आला. आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, गाडीवरून नारळ ओवाळला, हँडलला लिंबू-मिरची बांधली, आणि हा पठ्ठ्या सगळ्या गल्लीसमोर म्हणतो, "काय वं आजी, लिंबू ब्रेक मारते काय?" पोरं खिदळली, मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. आई काही म्हणाली नाही, आत गेली, आणि पुढचे दोन दिवस त्याला वाढताना त्याच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, "मामा, मंग मी काय सगळ्याले हो हो करू काय? नवस, करणी, अंगात येणं, सगळ्याले?"

तिथं मला नीट सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितोय, त्याच्यासाठी आणि असाच घोळ डोक्यात घेऊन सणाला गावी जाणाऱ्या बाकीच्यांसाठी. दोन्ही मी करून बसलोय, खिल्लीही उडवली आणि मानही ठेवला, आणि दोन्हीत एकेकदा चांगला तोंडावर आपटलोय.

आधी खिल्लीच्या बाजूनं बोलतो, कारण तिला लोक उगाच बदनाम करतात. टिंगल काही आपण पुण्याहून आणलेली गोष्ट नाही, ती आपल्या मातीतलीच आहे. पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमण्यांची गाणी, म्हणतात त्यात सावकारापासून सरपंचापर्यंत कोणाला सोडतात का? नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे इडापिडा घालवायचा मोठा पुतळा, निघते, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे टिंगलीच्या पुतळ्यांवर, तर मोठमोठ्या पुढाऱ्यांची खिल्ली उडवलेली असते. "घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळा गाव ओरडतो, कोणाच्या भावना दुखत नाहीत.

आणि या विषयात टिंगलीचा बाप म्हणाल तर गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, जन्म १८७६. देवापुढं बोकड कापणं, कर्ज काढून तीर्थाला जाणं, यावर त्यांनी कीर्तनात लोकांना इतकं हसवलं की आज कोणी तसं बोललं तर पोलीस स्टेशनला निवेदन जाईल. मग त्यांचं चाललं आणि माझ्या भाच्याचं दोन दिवसांत बिनसलं, असं काहून? मला वाटतं फरक हसण्यात नव्हता, हसण्याच्या आधी काय केलं यात होता. बाबा गावात आले की पहिले खराटा घ्यायचे, गाव झाडायचे, रात्री बोलायला उभे राहायचे. स्वतःच्या पोरीच्या बारशाला मटण-दारूची रीत त्यांनी आधी स्वतःच्या घरात मोडली, जातवाल्यांचा राग ओढवून, गोड जेवण घातलं. बोलायचे लोकांच्याच बोलीत, आणि स्वतः सांगण्यापेक्षा विचारायचे जास्त, उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे, त्यामुळे माणूस हसायचा तो स्वतःच्याच उत्तराला. भाच्याकडे यातलं काय होतं तर गाडी होती.

आता खिल्लीची किंमत सांगतो, ही मी स्वतः भरलेली आहे. खरं म्हणजे मोठेबाबांनी भरली.

मी बारावीला होतो. मोठेबाबांना सोयाबीनच्या वावरात साप चावला. दवाखान्यात न नेता शेजारच्या गावच्या मांत्रिकाकडे नेलं, त्यानं कडूनिंबाचा पाला चावायला दिला, कडू लागतो म्हणजे विष चढलं नाही, मग काहीतरी पुटपुटला, पाणी मारलं, मोठेबाबा ठणठणीत. गावभर त्या माणसाचा जयजयकार. आणि मी पारावर बसून सगळ्यांसमोर म्हटलं की ती धामण होती, धामण चावलेल्याला तर आमची बकरीसुद्धा बरी करते. लोक पोट धरून हसले, मोठेबाबा पण हसले. मी बरोबरच होतो हो, त्यात काही चूक नाही, धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे सगळे बिनविषारी, नाग किंवा घोणस चावली तरी काही वेळा विष सोडतच नाही, त्यामुळे मांत्रिकाच्या हातून बरेच लोक "वाचतात" आणि जे जातात ते त्याची बदनामी करायला परत येत नाहीत.

चार वर्षांनी मोठेबाबांच्या पायाला जखम झाली, शुगर होती, कोणाला पत्ता नाही. जखम भरेना म्हणून ते गुपचूप त्याच माणसाकडे जात राहिले, आणि घरात सांगून ठेवलं होतं, "आपल्या शहाण्याले सांगजा नोका, गावात हासं करते." मला कळलं तेव्हा पायाची दोन बोटं काळी पडलेली होती. कापावी लागली. मी त्या दिवशी पारावर गप्प बसलो असतो तर ती बोटं वाचली असती असं छातीठोक म्हणता येत नाही, पण मला आधी कळलं असतं एवढं नक्की. खिल्लीनं विश्वास जात नाही, तो फक्त तुमच्यापासून लपतो, आणि लपलेल्या गोष्टीवर कुठला इलाज करणार.

आता दुसरी बाजू. मान ठेवणं म्हणजे हो ला हो नाही, पहिले हे डोक्यातून काढा. मान ठेवणं म्हणजे सोबत जाणं.

धाकट्या भावाच्या पोराला कावीळ झाली, नऊ वर्षांचं पोरगं, डोळे पिवळेजर्द. आईनं ठरवलं की कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं, रविवारी सकाळी उपाशीपोटी, तीन वाऱ्या. या वेळी मी तोंड उघडलं नाही, काळीपिवळीत तिच्या बाजूला बसून गेलो. तिथं वीस-पंचवीस जण रांगेत, समोर पितळेची परात. तो माणूस पोराच्या तळहाताला काहीतरी चोळायचा, मग परातीतल्या पांढरट पाण्यात हात धुवायचा आणि पाणी हळूहळू पिवळं व्हायचं, सगळ्यांच्या तोंडून "अरे बाप्पा" निघायचं. मी पण बघत राहिलो, दिसायला भारी वाटतं राव, नाकारण्यात अर्थ नाही. आमचा नंबर झाल्यावर मी हात जोडून म्हटलं, महाराज माझे पण हात धुऊन द्या, आजकाल थकवा लय येतो. त्यानं धुतले. माझंही पाणी पिवळं.

बस, एवढंच केलं. परत येताना एक शब्द बोललो नाही, लय जड गेलं ते. आई खिडकीतून बाहेर बघत होती, अर्ध्या रस्त्यात तिनंच विचारलं, "तुले बी कावीळ हाय म्हणते काय रे?" म्हटलं काय माहीत. मग घर येईस्तोवर गप्प. संध्याकाळी मी अंगणातल्या आंब्याची साल ओली करून तळहातावर चोळली आणि चुन्याच्या निवळीत हात धुतले, ती तांदूळ निवडत बसली होती तिच्यासमोर, मुद्दाम दाखवायला नाही पण लपवून पण नाही. पिवळं पाणी. सकाळी चहा देताना म्हणते, "रगत तपासाले नेलं तर पोराले उपाशी न्या लागते काय?"

पण याचीही किंमत बघा. दोन वाऱ्या बाकी होत्या, त्या तिनं पूर्ण केल्याच, मी दोन्हीला गेलो, जाण्यायेण्याचं भाडं, दोन रविवार. अट एकच घातली की झाडपाल्याचं औषध पोटात द्यायचं नाही आणि तपासणीची तारीख चुकवायची नाही. पोरगं बरं झालं, डॉक्टर म्हणाले लहान पोरांची ही कावीळ बहुतेक वेळा आराम आणि नीट खाण्यापिण्यानं काही आठवड्यांत आपोआप उतरते. आई आजही सांगते की दोन्हीनं झालं, थोडं तिकडचं थोडं इकडचं. मी वाद घालत नाही. ज्याला वादात जिंकायचंच आहे त्यानं मान ठेवायच्या रस्त्याला लागू नये, तिथं जिंकल्याचा आनंद मिळतच नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच बघायचं असेल तर गडचिरोलीत बघा. डॉ. अभय आणि राणी बंग तिथं १९८६ पासून काम करतात. आदिवासी लोक दवाखान्याला काहून भितात हे त्यांनी लोकांनाच विचारलं, मग त्यांच्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना झोपड्यांसारखा बांधला, नातेवाईकांना सोबत राहता येईल असा, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना, देवीचं. देवीचं नाव दिल्यानं आतलं औषध बदललं नाही, दारातून आत येणारी माणसं वाढली. दंतेश्वरी खरी आहे की नाही यावर तिथं भाषण ठोकलं असतं तर?

एक मधला प्रकार पण आहे, करून दाखवायचा. श्याम मानवांनी १९८२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, त्यांचे कार्यकर्ते शाळा-कॉलेजात चमत्कार करून दाखवतात, लिंबू कापलं की "रक्त", ते चाकूला लावलेल्या मिथाइल ऑरेंजचं, आंबट लागलं की लाल होतं. आमच्या शाळेतही पाहिलं होतं, तिथं सगळे हसतात पण आजीला नाही, आपण कसे बनलो याला हसतात, म्हणून ते लागत नाही. मला आवडतो हा प्रकार. फक्त घरी करताना जपून, मी एकदा हळदीत चुना कालवून मावशीला "बघ कुंकू निघालं" करून दाखवलं तर ती म्हणाली, "तुह्यं हळदीचं हाय, बुवाचं शक्तीचं हाय." संपला विषय. शिवाय प्रत्येकाचा बुवा खरा आणि बाजूच्या गावचा भोंदू असतो, त्यामुळे बाजूच्या गावच्या बुवाची खिल्ली उडवली तर तुमच्याच घरचे सर्वात जोरात हसतात.

आता जिथं मान ठेवणं चुकतं ते. हे सांगताना मला बरं वाटत नाही.

आमच्या भागातल्या एका बाईवर करणीचा आळ आला, नाव-गाव नको. एका घरात लागोपाठ दोन जनावरं मेली, पोरगं आजारी पडलं, आणि कोणीतरी बोट दाखवलं. मी ओसरीवर बसून ते सगळं ऐकलं, चहा पिला, आणि "लोकांची श्रद्धा आहे, आपण काय बोलणार" असं म्हणून उठलो. मारहाण वगैरे झाली नाही, पण विहिरीवर तिच्याशी कोणी बोलेना, किराणावाला पैसे हातात घेईना, पाच-सहा महिन्यांत ती भावाच्या गावी निघून गेली. मी मान कोणाचा ठेवला होता? बोट दाखवणाऱ्याचा. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला ऑगस्ट २०२१ मध्ये याच संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारलं, तिथंही बघणारे खूप होते.

इथं खिल्ली पण नको आणि मान पण नको, इथं कायदा सांगा, आणि तो माहीत असू द्या. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा, दाभोलकरांचा २० ऑगस्टला पुण्यात खून झाला त्याच वर्षीचा. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन छळणं यात गुन्हा आहे, साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हाही गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. आणि कोणी म्हणालंच की हा देवाधर्माच्या विरोधातला कायदा आहे तर सांगा की वारी, कीर्तन, प्रदक्षिणा त्यातून स्पष्ट वगळलंय. हे शांतपणे सांगायचं, हसून नाही, पारावर नाही, ज्याचं गावात ऐकतात अशा एकाला घरी जाऊन.

आणि साप चावल्याच्या रात्री तर काहीच बोलायचं नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, दात नीट दिसतही नाहीत, सकाळपर्यंत पापण्या मिटायला लागतात आणि मग श्वास. अशा वेळी मांत्रिक खरा की खोटा हा वाद म्हणजे वाया घालवलेले तास. मांत्रिकालाच गाडीत बसवा, मंत्र रस्त्यात म्हणू द्या, १०८ ला फोन लावा नाहीतर मिळेल ती गाडी काढा, पण गाडी जिथं सापाची लस आहे त्या दवाखान्याकडे गेली पाहिजे. मोठेबाबांनंतर मी गावातल्या दोघांना असंच नेलंय, एकाच्या वेळी तो म्हातारा मांत्रिक खरंच सोबत आला होता, लस चालू होईपर्यंत बाहेर पायरीवर बसून मंत्र म्हणत होता. श्रेय त्यालाच गेलं. जाऊ दे.

तर भाच्या, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की पैसे घेऊन लोकांना घाबरवणारा समोर असेल तर बिनधास्त हास, चारचौघांत हास, फक्त आधी गावात थोडा खराटा मारलेला असू दे. समोर घाबरलेलं माणूस असेल तर सोबत जा. आणि आजी असेल तर लिंबू बांधू दे, काय जातं. माझ्या गाडीलाही आई दर शनिवारी बांधते, आमचा सौदाच आहे तसा, तिनं लिंबू बांधायचं आणि मी हेल्मेट घालायचं. लिंबू तिनं आजवर एकदाही चुकवलं नाही, हेल्मेट मात्र परवाच खुंटीला राहिलं होतं.