सर्व्हर बंद पडला: आत्ताच फोन, की सकाळपर्यंत तिकीट?

आधी मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर साइट उघडून बघा. उघडली, तर दुखणं ऑफिसच्या नेटचं आहे. होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवली आहे त्याला, रात्री उठवून काही होणार नाही.

कुठूनच उघडत नसेल, तर पानावर दिसणारा एररचा आकडा वाचा. ५०३ वर्डप्रेस अपडेट चालू असतानाही येतो, दहा-पंधरा मिनिटं थांबायला हरकत नाही. ५०२ किंवा ५०४ म्हणजे पुढचा एनजिनएक्स (आलेली मागणी मागे पाठवणारा वेब सर्व्हर) चालू आहे, मागचं ॲप्लिकेशन नीट उत्तर देत नाहीये. साइट नुसती माहितीची असेल आणि रात्रीचे दोन वाजले असतील, तर तिकीट (होस्टिंगवाल्याकडे लेखी तक्रार) टाकून खुशाल झोपा. तीच साइट दुकानाची असेल, तर फोन करा.

बऱ्याच साइट्स वाचक आणि होस्ट यांच्या मध्ये क्लाउडफ्लेअर ही सेवा लावतात. तिच्या एरर पानावर ब्राउझर, क्लाउडफ्लेअर आणि होस्ट अशी तीन चिन्हं असतात. १८ नोव्हेंबर २०२५ ला जगभरातल्या असंख्य साइट्स पडल्या, तेव्हा बिघाड मधल्या चिन्हावर होता. अशा वेळी होस्टिंगवाल्याला कितीही फोन केले तरी त्याच्या हातात काही नसतं.

माझ्या मते खरी घाई साइट चालू दिसत असताना असते, आणि नेमकं तिथेच लोक निवांत राहतात. लॉग (सर्व्हरच्या कामाच्या नोंदींच्या फाइल्स) साचून डिस्क १०० टक्के भरली की मायएसक्यूएलला, म्हणजे साइटच्या डेटाबेसला, लिहायला जागा उरत नाही. पानं उघडतात, माल दिसतो, पेमेंट गेटवेवर ग्राहकाचे पैसेही कापले जातात, पण ऑर्डर कुठेच नोंदली जात नाही. पूर्ण बंद साइटवर निदान कुणाचे पैसे तरी अडकत नाहीत! रेड ५ (डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवण्याची पद्धत) मधली एक डिस्क गेली तरी साइट चालतेच. ती बदलून रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा तयार) व्हायच्या आत दुसरी गेली, तर सगळा डेटा गेला. बॅकअप ताजा नसेल, तर हा फोन सकाळवर ढकलू नका.

अनोळखी ॲडमिन युजर दिसला, किंवा साइट भलत्याच पानावर जाऊ लागली, तर वेळ न बघता फोन करा. तोवर सर्व्हर रीस्टार्ट करू नका, मेमरीतला पुरावा पुसला जातो. लॉगची प्रत मात्र लगेच दुसरीकडे काढून ठेवा.

फोन लागल्यावर नुसतं ‘साइट डाउन आहे’ म्हणू नका. कधीपासून, कोणता एरर आणि त्याआधी शेवटचा बदल काय केला होता, एवढं आधी सांगा.