बारावी जनरेशन सांगून २०१२ चा प्रोसेसर गळ्यात मारला, १६,८०० रुपयांना

कोल्हापुरात राजारामपुरीत कॉम्प्युटरचा मदरबोर्ड-प्रोसेसर बदलायला निघाला असाल तर आधी हे वाचा. माझे १६,८०० रुपये गेलेत. मदरबोर्ड ४,२००, प्रोसेसर ६,९००, आठ जीबी रॅम २,९००, २५६ जीबीची एसएसडी २,३०० आणि फिटिंगचे ५००. त्यातले ५,००० यूपीआयने आगाऊ, उरलेले ११,८०० रोख. आकडे मुद्दाम देतेय, कारण दुकानदार आता 'जुनंच सामान मागितलं होतं वैनींनी' असं गल्लीभर सांगत सुटलाय.

मी घरी बसून उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपचे हिशेब टॅलीवर लिहिते. नेमका महिन्याच्या ११ तारखेच्या तोंडावर जुना बोर्ड गेला. जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायची शेवटची ११ तारीख काय असते ते हे काम करणाऱ्यांना सांगायला नको. मॉनिटर, कॅबिनेट चांगलं होतं, पॉवर सप्लाय नुकताच बदललेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपलाय, तेव्हा बसवायचं तर विंडोज ११ रीतसर चालेल असंच बसवायचं, एवढं ठरलं होतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी आठवी जनरेशन, म्हणजे आठवी पिढी, किंवा पुढची लागते. मी डोळे झाकून गेले नव्हते. कागदावर लिहून नेलं होतं: आय-थ्री १२१०० प्रोसेसर (बारावी जनरेशन), एच६१० बोर्ड, डीडीआर४ रॅम. चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं), माझ्या कामाला भरपूर झालं.

कागद बघून दुकानदार म्हणाला, "वैनी, आय-थ्री कशाला घालताय? तेवढ्याच पैशात आय-फाइव्ह बसवतो. बारावी जनरेशन, १२४००. बोर्डाचं सील तुमच्यासमोर फोडतो."

आणि खरंच फोडलं. प्लास्टिक कडक, खोका कोरा करकरीत, बोर्डावर धुळीचा कण नाही. इथंच माणूस फसतो. एच६१ हा चिपसेट (कुठला प्रोसेसर चालणार ते ठरवणारी बोर्डावरची मुख्य चिप) २०११ चा, पण त्यावरचे बोर्ड अजूनही नव्यानं बनून बाजारात येतात, वर एम.२ चा स्लॉटसुद्धा (एसएसडी बसवायची नवी खाच) देतात. बोर्ड नवा आणि त्यावर बसणारा प्रोसेसर जुन्या मशिनींतून काढलेला. खोक्यावर चिपसेटचं नाव छापलेलं असतं. एच६१ आणि एच६१० यात एका शून्याचा फरक, आणि खोका त्याच्या हातात, माझ्या नाही.

मग तो बोर्ड घेऊन आतल्या खोलीत गेला. "बाहेर धूळ लई, आत बसवतो." परत आला तेव्हा प्रोसेसरवर पंखा बसलेला. प्रोसेसर मी पाहिलाच नाही. खोका मागितला तर म्हणाला, ट्रेमधला (घाऊक, सुटा येणारा) माल आहे, खोका येत नाही, म्हणून तर स्वस्त. ट्रेमधले प्रोसेसर खरंच असतात, त्यामुळे खोटं तरी कसं म्हणायचं?

पण त्या रॅमचं मात्र डोक्यातून जात नाही. त्यानं पट्टी उचलली तेव्हा स्टिकर माझ्या नाकासमोर होतं. डीडीआर३, १६००. मी वाचलं, आणि विचारलंसुद्धा, "डीडीआर४ लिहून आणलंय ना मी?" तो हसला नाही, गडबडला नाही. "बोर्डाला जी बसते ती घालायची असते, वैनी." वाक्य शंभर टक्के खरं, म्हणून मी गप्प बसले. बारावी जनरेशनला डीडीआर३ चालतच नाही, डीडीआर४ नाहीतर डीडीआर५ लागते. म्हणजे त्या एका स्टिकरवर सगळी फसवणूक उघडी पडली होती, आणि ११ तारीख डोक्यावर नसती तर तिथंच कागद पुढं करून भांडले असते. ही गोष्ट रात्री झोपताना डोळ्यांसमोर येते. रॅमच्या पट्टीवर डीडीआर३ दिसली की बाकी काही ऐकू नका, पैसे परत मागा आणि चालू लागा.

बिलाचंही सांगते, कारण घरात सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागतंय ते त्यावरूनच. दुसऱ्यांची बिलं तपासते आणि स्वतः चिठ्ठीवर माल घेतला म्हणे. पक्कं बिल पाहिजे तर वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,०२४ रुपये जास्त, असं त्यानं कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. माझी स्वतःची जीएसटी नोंदणी नाही, भरलेल्या कराचं क्रेडिट (वजावट) मिळणार नाही, मग १६,८०० चे १९,८२४ कुठल्या खिशातून देणार होते? नोंदणी असलेल्या दुकानदारानं २०० रुपयांवरच्या विक्रीला बिल द्यायलाच हवं, ते ग्राहकाच्या मर्जीवर नाही. चिठ्ठीवर लिहिलंय नुसतं 'आय-फाइव्ह प्रोसेसर, नवीन'. आय-फाइव्ह २००९ पासून आहेत. पुढचा नंबर लिहून घेतल्याशिवाय त्या नावाला काडीची किंमत नाही.

मशीन महिनाभर चाललं. विंडोज ११ होती, सिस्टीमच्या माहितीत आय-फाइव्ह १२४०० असंच दिसायचं. दिवाळीला इचलकरंजीचा भाचा आला. टॅली उघडायला लागणारा वेळ बघूनच त्याला शंका आली. टास्क मॅनेजर उघडून म्हणाला, "मावशी, १२४०० ला सहा कोअर असतात, बारा थ्रेड. इथं चारच आहेत, थ्रेडपण चार." सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर घातलं तर नाव आलं आय-फाइव्ह ३४७०. तिसरी जनरेशन, २०१२ चा माल. विंडोज सुरू झाली की एक छोटी फाइल आपोआप चालायची आणि प्रोसेसरच्या नावाची नोंद बदलून टाकायची, तीही त्यानं शोधून दाखवली. विंडोज ११ पण, प्रोसेसर चालण्यासारखा आहे का ही तिची तपासणी चुकवून घातलेली. अशा मशीनला पुढं अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून पंखा काढला. पांढरी पेस्ट कापसानं पुसली, तर धातूच्या झाकणावर बारीक अक्षरात ३४७० कोरलेलं. आकारही चौकोनी. बारावीचा प्रोसेसर एका बाजूनं लांबट असतो, हे लक्षात ठेवा. पंखा चढायच्या आधी झाकणाचा फोटो काढायला मिळाला नाही तर माल घेऊच नका.

दुकानात गेले तर उत्तर काय, "तुम्ही सील तोडलंय, वॉरंटी गेली."

पोलीस ठाण्यात तर कहर झाला. आधी बाकावर बसवलं. मग साहेब म्हणाले, हे दिवाणी प्रकरण, ग्राहक आयोगात जा. मी म्हटलं, बारावीचा सांगून तिसरीचा दिला, नाव बदलणारी फाइल घातली, ही फसवणूक नाही तर काय? पूर्वी ४२० कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आहे, दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना थेट गुन्हा नोंदवता येतो. तर, "कायदा आम्हाला शिकवू नका बाई." सायबरवाल्यांकडे गेले, तर दुकानात जाऊन घेतलंय, ऑनलाइन नाही, आमच्याकडे येत नाही. ५,००० यूपीआयनं गेलेत म्हटलं, तर ते तुम्ही स्वखुशीनं दिलेत. करखात्याच्या कार्यालयात सांगितलं की हा माणूस बिलाशिवाय माल विकतो, तर तिथला बाबू विचारतो, "बिल आणलंय का?" अहो, बिल देत नाही हीच तर तक्रार! बिल नाही म्हणून तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणून तो उद्याही बिल देणार नाही. प्रोसेसर म्हणजे काय इथपासून मी प्रत्येक टेबलावर समजावत बसले, आणि प्रत्येक टेबलावरून शेवटी तेच, "सोळा हजारांसाठी कशाला एवढी दगदग करताय?" सोळा हजार माझ्या किती रात्रींचे आहेत हे त्यांना काय ठाऊक? आमच्या ह्यांनी आवरलं नसतं तर तिथंच बोलून मोकळी झाले असते. पोच मात्र घेतली. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक घेतलाय.

नवीन घेणाऱ्यांनो, नंबरच्या शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घ्यावं लागतं, तेही दुकानदार आपणहून सांगत नाहीत. खोक्यातला प्रोसेसर घेतला तर खोक्यावरचा सिरीयल नंबर झाकणावरच्या नंबराशी जुळवा. चालू केल्यावर विंडोजमध्ये काय दिसतं त्यावर जाऊ नका, आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) जाऊन नाव वाचा, सीपीयू-झेड दुकानातच चालवून घ्या. रोख देऊ नका. माझे ५,००० निदान बँकेच्या नोंदीत दिसतात, ११,८०० ला तर साक्षीदारच नाही.

परवा त्याचा फोन आला होता. बोर्ड-प्रोसेसर परत आणून द्या, ६,००० देऊन विषय मिटवतो म्हणाला. दिला नाही. प्रोसेसर, रॅम, ती चिठ्ठी, सगळं पाकिटात घालून कपाटात ठेवलंय, आणि आता ते आयोगासमोरच बाहेर निघेल. तुमच्याकडेही त्यानं असलाच आय-फाइव्ह बसवला असेल तर तो परत मागेल, तेव्हा हातचा पुरावा सोडू नका.