चुंबकातलं निओडिमियम काढायला शिकायचंय: जमशेदपूरला जावं की जळगावात राहावं?

माझी भाची जळगावात केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याचे दोन महिने जुन्या चुंबकांतून रेअर अर्थ, म्हणजे निओडिमियमसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं, परत मिळवण्याच्या कामात घालवायचे, हे तिचं पक्कं आहे. अडलंय ते जागेवर. एकीकडे जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा, दुसरीकडे जळगावातच सरांच्या हाताखाली कॉलेजची प्रयोगशाळा. "मामा, तुम्ही घरचंही काम केलंय आणि बाहेरचंही, सांगा ना," असं म्हणाली. तिला जे सांगितलं ते इथे लिहितोय, कारण धुळे-नंदुरबारच्या मुलांपुढेही हाच प्रश्न असणार.

विषय चांगला निवडलाय, यात शंका नाही. एप्रिल २०२५मध्ये चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली आणि आपल्याकडचे गाड्यांचे कारखाने धास्तावले. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने महत्त्वाच्या खनिजांचं १६,३०० कोटींचं मिशन मंजूर केलं, सप्टेंबरमध्ये पुनर्वापरासाठी वेगळे १,५०० कोटी. जमशेदपूरची प्रयोगशाळा या मिशनच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

माझी कसोटी एकच आहे. दोन महिन्यांत एक पूर्ण हिशोब तुमच्या हाताने जुळला पाहिजे: इतका माल घातला, इतका निघाला, उरलेला कुठे गेला. निओडिमियमच्या चुंबकात वजनाच्या साधारण ३० टक्के रेअर अर्थ असतं, एक टक्क्याच्या आसपास बोरॉन आणि बाकी मुख्यतः लोह. म्हणजे १०० ग्रॅम चुंबकातून साधारण ३५ ग्रॅम ऑक्साइड मिळायला हवं. ४१ ग्रॅम आलं तर आनंद मानू नका, त्यात लोह शिरलंय किंवा शेवटचं भट्टीत भाजणं अपुरं राहिलंय. ही चूक स्वतः शोधून काढली की विषय कळला.

आता यंत्रांचं. जमशेदपूर इथे सरळ पुढे आहे. आयसीपी म्हणजे द्रावणातली मूलद्रव्यं एकेक मोजणारं यंत्र. त्यावर नमुना दिला की निओडिमियम, प्रासिओडिमियम, डिस्प्रोसियम वेगवेगळे मोजून मिळतात. पण मी ज्या मोठ्या संस्थेत होतो, तिथे गेट पास आणि यंत्राची पाळी यातच माझे पहिले तीन आठवडे गेले. दोन महिन्यांतले तीन आठवडे! त्याची हळहळ अजून आहे. हायड्रोजनची पद्धत बघायची असेल तरीही मोठीच प्रयोगशाळा लागते. चुंबक हायड्रोजन शोषून साध्या तापमानालाच भुगा होतो, निकेलचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो आणि चाळून बाजूला काढता येतो. बर्मिंगहॅम विद्यापीठाने हे तंत्र पुढे आणलं. दिसायला सुंदर, पण उन्हाळी विद्यार्थ्याच्या हातात हायड्रोजनची लाइन सहसा कुणी देत नाही. तुम्ही बघणार, वही भरणार.

कॉलेजमध्ये आम्ल पद्धतच करावी लागते, आणि ती पूर्ण तुमची असते. चुंबक ३५० अंशांवर तापवून त्याची ओढ घालवायची. भुकटी करताना जपायचं, बारीक भुकटी हवेत पेट घेते. मग आम्लात विरघळवायची, इथेही हायड्रोजन सुटतो, म्हणून फ्यूम हुडखालीच, म्हणजे वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात. ऑक्झॅलिक आम्ल घातलं की रेअर अर्थचा साका तळाशी बसतो, तो भट्टीत भाजला की ऑक्साइड. पहिल्यांदा माझा साका पिवळट आला होता, म्हणजे लोहही खाली बसलं होतं. आम्लता सांभाळून पुन्हा केलं तेव्हा फिका जांभळा आला. तो उन्हात जांभळसर दिसतो आणि ट्यूबलाइटखाली निळसर. मी चार वेळा बाटली खिडकीत नेऊन पाहिली होती. आयसीपी नसेल तिथे लोह काढून टाकल्यावर झायलेनॉल ऑरेंज हा रंग बदलणारा दर्शक वापरून ईडीटीए टायट्रेशनने, म्हणजे ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब घालून, एकूण रेअर अर्थ मोजता येतं.

जळगावची अडचणही सांगतो. मे महिन्यातल्या उकाड्यात भट्टीजवळ उभं राहणं सोपं नाही, आणि ८००-९०० अंशांवर भाजताना वीज गेली तर दिवस वाया. त्याहून मोठा प्रश्न उरलेल्या लोहयुक्त आम्लाचा. ते चुन्याने उदासीन करून गाळ वेगळा ठेवायची सोय आहे का, हे सरांना पहिल्याच दिवशी विचारा. "बेसिनमध्ये ओता" असं उत्तर आलं तर तिथे काम करू नका.

खर्चाचं फार ताणत नाही. भुसावळला गीतांजली एक्सप्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता टाटानगर, म्हणजे जमशेदपूरचं स्टेशन, पण खोली, खानावळ आपल्या खिशातून. इथे घरचा डबा.

कच्च्या मालात मात्र फसू नका. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात म्हणून तिथे चुंबकच चुंबक असतील असं मुलांना वाटतं. जुन्या गिअरबॉक्सवाल्या चक्क्यांत इंडक्शन जनरेटर असतो, त्यात कायमचा चुंबक नसतोच. जुन्या स्पीकरचा काळा चुंबक फेराइटचा, त्यात निओडिमियम नाही. खरा माल म्हणजे बाद झालेल्या हार्ड डिस्क आणि ई-स्कूटरची चाकातली मोटर. हार्ड डिस्कमध्ये लोखंडी पट्टीला चिकटलेले चकचकीत, अर्धचंद्रासारखे चुंबक मिळतात. दोन सुटे एकमेकांजवळ नेऊ नका, बोटाची कातडी चिमटते.

म्हणून भाचीला म्हणालो, या उन्हाळ्यात जळगाव. शेवटच्या वर्षाच्या सहा महिन्यांच्या प्रोजेक्टला जमशेदपूर, तेव्हा तिथली यंत्रं तुझ्या कामाला येतील. एका बाबतीत मात्र निर्णय वेगळा होऊ शकतो. तुम्हाला निओडिमियमपासून डिस्प्रोसियम वेगळं करायचं असेल, तर त्याला सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनचे, म्हणजे पाण्यातलं एक मूलद्रव्य न मिसळणाऱ्या द्रावकात ओढून घेण्याचे, अनेक टप्पे लागतात. कॉलेजच्या सेपरेटिंग फनेलवर ते निभत नाही, त्यासाठी आत्ताच जा. मात्र जाण्याआधी मार्गदर्शकांना ईमेलने विचारा: माझा स्वतंत्र नमुना असेल का, आणि यंत्राची पाळी कोणत्या आठवड्यात?

भाचीने कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून १४ बाद हार्ड डिस्क आणल्या आहेत. रविवारी उघडणार आहोत. टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीसारख्या टोकाचे पेचकस आधीच आणून ठेवलेत, साध्या पेचकसाने डिस्कचे स्क्रू निघत नाहीत.