माल खरा, कागदावरचा टीएम खोटा

मॉडिफाइड आरएनए ऑलिगो, म्हणजे रासायनिक बदल केलेले आरएनएचे छोटे धागे, मागवायचे असतील तर आधी हे वाचा. मी नांदेडला पीएचडी करते. हैदराबादच्या एका कंपनीकडून एकाच क्रमाचे चार धागे मागवले: एक साधा, एकात २′-ओ-मिथाइल (साखरेवर मिथाइल गट), एकात एलएनए (साखरेत पूल) आणि एकात एम-सिक्स-ए (अ‍ॅडेनिनवर मिथाइल गट). जोडीचा समोरचा धागा चौघांनाही तोच. कंपनीचं नाव लिहीत नाही.

डिलिव्हरीला पैकीच्या पैकी गुण. मे महिन्यात कुरियरवाल्या दादांचा फोन आला, “मॅडम, तुमच्या डब्यातून धूर निघायलाय, लवकर या!” ड्राय आइस होता. वाळवलेल्या आरएनएला प्रवासात एवढ्या थंडीची गरज नसते, पण नांदेडच्या उन्हात मला तो खर्च जादा वाटला नाही. ट्यूब उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या, नाहीतर दिसतही नसलेली ती पावडर झाकणालाच चिकटून जायची.

शुद्धता दाखवणारा एचपीएलसीचा ग्राफ स्वच्छ, एकच शिखर. मास स्पेकही, म्हणजे मोजलेलं वस्तुमानही, जुळलं. घोळ पुढं आहे. चारही डेटाशीटवर टीएम, म्हणजे निम्म्या जोड्या सुटतात ते तापमान, अगदी एकच छापलेलं! सपोर्टला फोन लावला तर तिथले सर शांतपणे म्हणाले, “सॉफ्टवेअर फक्त ए, यू, जी, सी ही चार अक्षरं मोजतं.” मग तो आकडा छापता कशाला? टीएम मिठाप्रमाणं बदलतो, त्यातून हा ५० मिलिमोलर सोडियम धरून काढलेला, आणि शोधनिबंधांतली बरीच मोजमापं १ मोलर मिठात केलेली. म्हणजे शेजारी ठेवून तुलना करायचीही सोय नाही.

खरं तर फरक मोठा असतो. आरएनएची जोडी ए-फॉर्म नावाच्या पिळात वळते आणि त्यासाठी रायबोज साखर सी-३′-एंडो नावाच्या घडीत बसावी लागते. २′-ओ-मिथाइल साखरेला त्याच घडीकडं ढकलतं, म्हणून एका बदलामागं टीएम साधारण अर्धा ते एक अंश चढतो. एलएनए ती घडी पुलानं कुलूपबंदच करतं. तिथं एकेका बदलाला २ ते ८ अंशही मिळतात. एम-सिक्स-एचं उलटं. अ‍ॅडेनिनवरचा मिथाइल गट एरवी ज्या बाजूला वळलेला असतो, ती यूशी जोडी जुळवताना आडवी येते. तो फिरवून घ्यायची किंमत जोडी मोजते: ०.५ ते १.७ किलोकॅलरी प्रति मोल. पण तोच एम-सिक्स-ए धाग्याच्या टोकाला, समोर जोडीदार नसताना, लोंबत असेल तर स्टॅकिंग, म्हणजे अक्षरांची एकावर एक रचण, सुधारून जोडी उलट घट्ट करतो. अक्षरं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला यातलं काय कळणार?

आणि मास स्पेक जुळलं म्हणून निर्धास्त होऊ नका. २′-ओ-मिथाइल घातलं तरी वस्तुमान १४ डाल्टननं वाढतं आणि एम-सिक्स-ए घातलं तरी १४ नंच. दोन ट्यूबची लेबलं आपसांत बदलली असती तर त्या कागदावरून कुणालाच कळलं नसतं. एलएनएची वाढ १२, ते तेवढं ओळखू येतं. स्यूडोयुरिडिन (यूचं बदललेलं रूप) मागवणाऱ्यांची तर आणखी पंचाईत, कारण त्याचं वस्तुमान यूइतकंच. कोविडच्या एमआरएनए लशींत त्याचाच एन-१-मिथाइल भाऊबंद आहे आणि कॅरिको-वाइसमन या शास्त्रज्ञांना २०२३ चं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी, त्यामुळं हल्ली जो तो तेच मागवतो.

शेवटी पेल्टियर (तापमान चढवणारं उपकरण) लावलेल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० नॅनोमीटरला वितळण वक्र, म्हणजे तापमान वाढवत जोड्या कधी सुटतात त्याचे आलेख, काढले. एलएनएवाला सगळ्यात वर, २′-ओ-मिथाइलवाला साध्याच्या जरासा वर, एम-सिक्स-एवाला साध्याच्याही खाली. म्हणजे माल लेबलाप्रमाणंच होता, तेव्हा कुठं जीवात जीव आला.

एलएनए खिशाला जड जातं. फक्त जोडी थोडी घट्ट हवी असेल तर २′-ओ-मिथाइलवर भागतं. एचपीएलसी शुद्धीकरणात काटकसर करू नका, आणि साधा धागा सोबत मागवाच. तो नसेल तर तुमच्या वक्राची तुलना कशाशी करणार? पाचपैकी साडेतीन तारे. डेटाशीटवरची टीएमची ओळ काढून टाकली तर चार देईन.