स्टोरेज गिझर की गॅस गिझर? एक हिवाळा दोन्ही वापरून बघितल्यावर

घर घेतलं तेव्हा गरम पाण्याच्या दोन्ही सोयी आधीच्या मालकांनी करून ठेवल्या होत्या. बाथरूमच्या माळ्यावर 15 लिटरचा विजेचा स्टोरेज गिझर, मागच्या बाल्कनीत गॅस गिझर. दोन्ही म्हातारे, एक ठेवायचा आणि एक काढायचा हे नक्की होतं, म्हटलं घाई नको, एक हिवाळा काढू आणि मग बघू.

काहीही ठरवायच्या आधी कुठली लाइन कुठे जाते ते बघून घ्या. आम्ही एकच गिझर चालू ठेवून घरातले सगळे नळ एकेक करून सोडले, तेव्हा कळलं की सिंक आणि बेसिन गॅसवर आहे, शॉवर दोन्हींवर चालतो आणि मध्ये एक कॉक आहे ज्याच्याबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं. आणि माळ्यावर चढून बघितलं तर स्टोरेजच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला टेफ्लॉन टेप गुंडाळून बूच मारलेलं! टपकतं म्हणून मारलं असणार. पण गिझर तापताना थोडं टपकणारच हो, पाणी 20 अंशांवरून 60 वर गेलं की दीडेक टक्का फुगतं, 15 लिटरला म्हणजे जवळजवळ पाव लिटर, आणि इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे लाइनमध्ये जाऊ न देणारा) असेल तर त्याला बाहेर पडायला तेवढीच वाट. ही वाट बंद असताना थर्मोस्टॅट आणि कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा) दोन्ही गेले तर टाकी फुटू शकते. स्विच बंद करून आधी ते बूच काढलं, व्हॉल्व्ह चालतोय ना बघितलं, खाली नळी लावली, मग गिझर सुरू केला. तुमच्याकडे असं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

आता गॅस. खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मला गॅसच आवडला होता. तापायची वाट बघायला नको, पाणी संपत नाही, पाहुणे आले तरी एकामागून एक सगळ्यांच्या आंघोळी होतात. स्टोरेजला 20 वरून 60 अंशांपर्यंत यायला 2 किलोवॅटच्या कॉइलवर वीसेक मिनिटं लागतात, सकाळच्या गडबडीत ती जाणवतात. बाल्कनीपासून बाथरूमपर्यंत लांब पाइप असल्यामुळे दर वेळी लिटरभर गार पाणी सोडून द्यावं लागायचं, पण त्याचं मी फार मनावर घेतलं नसतं.

माझं मन फिरलं ते एकाच गोष्टीमुळे. गॅस गिझरमधून पाणी ठरावीक वेगाने वाहत असेल तरच बर्नर पेटतो, वेग कमी झाला की विझतो. आणि आमच्याकडच्यासारखा साधा, ज्योत आपोआप कमी-जास्त न करणारा असेल तर पाणी जितकं बारीक सोडाल तितकं जास्त कढत येतं. म्हणजे शॉवरखाली पाणी जरा गरम वाटलं म्हणून गार नळ थोडा सोडला, की गरम लाइनचा प्रवाह कमी होतो, आधी एक चटका बसतो आणि मग भप्पकन ज्योत विझून एकदम गारठलेलं पाणी अंगावर. गार नळ बंद करा, परत पेटतो, परत कढत. वडिलांना नळ बारीक सोडून सावकाश आंघोळ करायची सवय आहे, ते बिचारे थंडीत डोक्याला साबण लावून उभे आणि आम्ही बाल्कनीत जाऊन ज्योत बघतोय, असं किती वेळा झालं! प्लंबरने फिल्टर साफ केला, सेल बदलले, तरी थोड्याफार फरकाने तेच. वरच्या टाकीचं प्रेशर ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांना कदाचित हा त्रास होणारही नाही, पण टाकीच्या लगेच खालचा मजला असेल तर मी तरी विचार करेन.

आणि गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर तुलनाच सोडा, आधी तो बाहेर काढा. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना रंग ना वास, माणसाला कळायच्या आत गुंगी येते. आमचा उघड्या बाल्कनीत होता म्हणून तेवढा प्रश्न नव्हता.

स्टोरेजची कटकट वेगळी, 15 लिटर पुरत नाही. 60 अंशांचं 15 लिटर पाणी 20 अंशांच्या पाण्यात मिसळून 40 ला आणलं की 30 लिटर होतं, मिनिटाला 8 लिटर जाणारा शॉवर ते चार मिनिटांच्या आत संपवतो. बादली भरून आंघोळ करणाऱ्यांना चालेल, शॉवरवाल्यांनी 25 च घ्यावा. पाणी क्षाराचं असेल तर कॉइलवर थर चढतो आणि टाकीऐवजी स्वतः गंजून तिला वाचवणारा मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड झिजत जातो, तो वेळेवर बदलला नाही तर मग टाकीच गंजायला लागते. आमचा काढला तेव्हा आतली बारीक तारच शिल्लक होती.

तर आम्ही 25 लिटरचा स्टोरेज घेतला. तापायला पस्तीसेक मिनिटं लागतात म्हणून उठल्याउठल्या स्विच टाकतो. मोठं कुटुंब, भरपूर प्रेशर आणि बाहेर मोकळी जागा असेल तर गॅसही चांगला, मी नाही म्हणणार नाही. आमच्याकडे मात्र वडील आता नळ हवा तितका बारीक सोडतात आणि आंघोळ होईपर्यंत पाणी एकसारखं येतं.