कलेक्टर कचेरी की हरित न्यायाधिकरण?

आसामातल्या बागजानची वायूविहीर २७ मे २०२० ला फुटली, ९ जूनला पेटली. हरित न्यायाधिकरणाने, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या खास न्यायपीठाने, विहीर चालवणाऱ्या कंपनीला २५ कोटी रुपये जमा करायला लावले. नागपुरात अशा विहिरी नाहीत, पण बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांनी भरपाईचे हे दोन रस्ते माहीत करून घ्यावेत.

जवळचा रस्ता सिव्हिल लाइन्समधला. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली, म्हणजे घातक पदार्थांच्या अपघातात तातडीची मदत देणाऱ्या कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. चूक कोणाची, हे सिद्ध करावं लागत नाही आणि निकाल शक्यतो तीन महिन्यांत अपेक्षित असतो. पण रक्कम नियमांनी बांधलेली. नासलेली विहीर, बुडालेला हंगाम, वर्षभर न थांबणारा खोकला यांची खरी किंमत त्यात बसत नाही.

ती मागायची तर न्यायाधिकरण. आपलं खंडपीठ पुण्यात, म्हणजे रात्रभराचा प्रवास. शिवाय मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का शुल्क; दारिद्र्यरेषेखालच्यांना ते माफ. मात्र इथे जमीन-पाणी पूर्ववत करून देण्याचीही मागणी करता येते.

मुदत दोन्हीकडे पाच वर्षं. माझ्या मते आधी कलेक्टर कचेरी गाठावी, कारण घरात पैसा तातडीने लागतो. त्याने पुढचा दावा बुडत नाही, मिळालेली रक्कम फक्त वजा होते. तलाठ्याचा पंचनामा आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून जपा.